रविवारी नर्स येते का?

अमेरिकेत हॉस्पिस निवडायला घरच्यांना किती वेळ मिळतो? बहुतेकदा एक दुपार. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आता आणखी केमो नको’ म्हणतात. अकरा वाजता केस मॅनेजर यादी घेऊन खोलीत येते. यादीत दहा-पंधरा संस्था, प्रत्येकीच्या नावात कृपा, शांती, देवदूत नाहीतर पहाट. उद्या पलंग रिकामा करायचा असतो. मग मुलगा किंवा मुलगी फोनवर मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची, ‘केअर कंपेअर’ ही वेबसाइट उघडते, तारे बघते आणि चार तारे असलेल्या संस्थेला फोन लावते.

आजचं सदर त्या दुपारसाठी आहे.

इथल्या वाचकाने यात लक्ष का घालायचं? १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जे मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे गेले, ते आता ऐंशीच्या घरात आहेत. जन्मभर तिथे कर भरलेला, मेडिकेअरचं कार्ड खिशात. त्यांचे भाऊ, बहिणी, भाच्या पुण्यात-नाशकात व्हिडिओ कॉलवर बसतात आणि ‘सोय चांगली झालीय ना?’ एवढंच विचारतात. यापेक्षा नेमकं विचारता येतं.

आधी योजना काय आहे ते बघू. मेडिकेअरमध्ये हॉस्पिसची तरतूद १९८२च्या कायद्याने आली. आजार आपल्या गतीने वाढत गेला तर पेशंटकडे सहा महिने किंवा त्याहून कमी उरलेत, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. बरं करणारे उपचार थांबवून त्रास कमी करणारे द्या, अशी पेशंटने सही करायची. मग नर्स, आंघोळ घालणारी एड, सोशल वर्कर, धर्मोपदेशक, औषधं, हॉस्पिटलसारखा पलंग, ऑक्सिजन हे सगळं संस्थेने घरी आणून द्यायचं. घरच्यांच्या खिशाला जवळजवळ चाट नाही. योजना उत्तम आहे. खोट पैशाच्या वाटेत आहे.

घरी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या सेवेसाठी सरकार संस्थेला दिवसाची ठोक रक्कम देतं. पहिले ६० दिवस थोडी जास्त, नंतर कमी, दोनशे डॉलरच्या आसपास. त्या दिवशी नर्स आली तरी तेवढेच पैसे, नाही आली तरी तेवढेच. शेवटच्या सात दिवसांतल्या नर्स आणि सोशल वर्करच्या भेटींसाठी २०१६पासून वेगळे पैसे मिळतात, पण मूळ हिशोब बदललेला नाही. टाळलेली प्रत्येक भेट म्हणजे शिल्लक.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं, अमेरिकेत १९७४मध्ये कनेक्टिकटला पहिलं हॉस्पिस निघालं, तेव्हा हे काम धर्मादाय होतं. आज तिथल्या दर चार हॉस्पिसपैकी सुमारे तीन नफ्यासाठी चालतात. नफा कमावणारा प्रत्येक जण चोर असतो असं मी म्हणत नाही. पण दारं उघडी ठेवली की काय होतं ते कॅलिफोर्नियाने पाहिलं. राज्याच्या लेखापरीक्षकांनी मार्च २०२२मध्ये अहवाल दिला. लॉस एंजेलिस काउंटीत २०१०नंतर हॉस्पिसची संख्या १,५०० टक्क्यांनी वाढली होती. व्हॅन नायसमधल्या एकाच इमारतीच्या पत्त्यावर शंभराहून जास्त परवाने निघाले होते. तिथली मरणाच्या दारातली माणसं काही १,५०० टक्क्यांनी वाढली नव्हती. ज्यांचं मरण कुठे दिसतही नव्हतं अशा म्हाताऱ्यांना हॉस्पिसमध्ये दाखल दाखवून बिलं लावली जात होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपण ऐकलेत. यांना मढ्यासाठी थांबायचाही धीर नव्हता. राज्याने जानेवारी २०२२पासून नवे परवाने बंद केले.

म्हणजे त्या दुपारी यादीतली निवड हा जिवाशी संबंध असलेला प्रश्न आहे. आणि तारे त्याचं उत्तर पुरतं देत नाहीत.

हे तारे ऑगस्ट २०२२पासून दिसू लागले. ते देतं कोण? पेशंट तर गेलेला असतो. त्याची देखभाल करणाऱ्या नातेवाइकाला मृत्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी प्रश्नावली जाते. मदत वेळेवर मिळाली का, वेदना आवरल्या का, नीट बोलले का, मान ठेवला का. प्रश्न चांगले आहेत, उत्तरंही मोलाची आहेत. पण आठ तिमाह्यांत किमान ७५ प्रश्नावल्या भरून आल्या तरच तारे लागतात, त्यामुळे लहान आणि नव्या संस्थांपुढची जागा रिकामीच राहते. प्रश्नावली इंग्रजी, स्पॅनिश, चिनी अशा मोजक्या भाषांत जाते, मराठी-हिंदीत नाही. नवऱ्याचं शेवटचं सगळं जिने केलं, त्या बाईंचं इंग्रजी बेताचं असेल तर त्यांचा अनुभव कुठल्याच ताऱ्यात उतरत नाही. शिवाय आठ तिमाह्या म्हणजे दोन वर्षं. मधे संस्था विकली गेली असेल तर तारे जुन्या मालकाचे आणि नर्सेस नव्या मालकाच्या. हॉस्पिसची मालकी कोणाकडे आहे ते मेडिकेअर २०२३पासून जाहीर करतं. ताऱ्यांआधी ते बघा.

दाखल करताना सगळी तपासणी झाली का, याची एक टक्केवारी असते. तिच्यावर वेळ घालवू नका. वेदना विचारली, श्वास विचारला, श्रद्धा विचारली, चौकटीत खूण केली की झालं. बहुतेक सगळ्यांना नव्वदच्या वर. ज्या आकड्यात सगळेच पहिले येतात, त्यावरून निवड कशी करणार?

मग येतो ‘हॉस्पिस केअर इंडेक्स’, दहापैकी गुण. हा मात्र उलगडून बघण्यासारखा आहे, कारण तो संस्थेने मेडिकेअरला लावलेल्या बिलांवरून निघतो. दहा कसोट्या आहेत. नर्सने पेशंटमागे किती मिनिटं दिली, शनिवार-रविवारी किती दिली, दोन भेटींत सात दिवसांहून मोठा खंड पडला का, पेशंटला जिवंतपणी काढून टाकलं का, काढल्यावर तो हॉस्पिटलात जाऊन मेला का, मेडिकेअरचा दरडोई खर्च किती झाला, अशा. गुण द्यायची रीत मात्र फार सैल आहे. बहुतेक कसोट्यांत देशातल्या सगळ्यात वाईट दहाव्या हिश्श्यात तुम्ही नसलात की गुण तुमचा. चाळीस मुलांच्या वर्गात तळाची चार सोडून बाकी छत्तीस जणांना पैकीच्या पैकी दिल्यासारखं हे आहे. म्हणून बहुतेक संस्था आठ, नऊ, दहावर दिसतात. सात वाचून ‘बरी आहे की’ म्हणू नका. सात म्हणजे तीन कसोट्यांत ती तळाला आहे.

बेरीज सोडा, आत शिरा. तुलनेच्या पानावर फक्त बेरीज दिसते. प्रत्येक कसोटीचा वेगळा आकडा बघायचा तर मेडिकेअरच्या डेटा कॅटलॉगमधून हॉस्पिसची फाइल उतरवून घ्यावी लागते. हा उपद्व्याप मरणासन्न माणसाच्या मुलीने का करायचा, हा प्रश्न मेडिकेअरला विचारायला हवा. पण त्या दुपारी तरी करा. प्रत्येक मराठी घरात एक एक्सेल जाणणारा भाचा असतो, त्याला कामाला लावा. तीन ओळी शोधायच्या. नर्सची रोजची मिनिटं, शनिवार-रविवारचा वाटा, सात दिवसांहून मोठे खंड.

शनिवार-रविवारच्या ओळीवर मी जास्त भर देतो. आठवड्यातले दोन दिवस म्हणजे सुमारे २९ टक्के. इतका वाटा सुट्टीच्या दिवशी कोणी देणार नाही, कारण ठरलेल्या भेटी कामाच्या दिवशी होतात, आणि नर्सलाही घर आहे. पण यादीतल्या संस्थांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. एकीचा इतरांपेक्षा अर्धा असेल तर समजा, शुक्रवार संध्याकाळनंतर तिथे तुम्ही आणि तुमचा फोन.

चौथा आकडा मुख्य पानावरच असतो आणि माझ्या मते तो तिथला सगळ्यात महत्त्वाचा. पेशंटच्या शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस रजिस्टर्ड नर्स किंवा मेडिकल सोशल वर्कर प्रत्यक्ष घरी आले का? फोन धरत नाहीत, व्हिडिओ धरत नाहीत. इथे ४० टक्के दिसले तर दहापैकी सहा घरांत शेवटच्या तीन दिवसांत अशी दोन दिवसांची सोबत मिळाली नाही.

ते तीन दिवस घरात कसे असतात? फ्रिजमध्ये औषधांचा एक छोटा डबा असतो, त्याला कम्फर्ट किट म्हणतात. त्यात मॉर्फिनचं दाट द्रावण, एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. घाबरगुंडी शमवायला लोराझेपाम. घशातली घरघर कमी करायला ॲट्रोपिनचे थेंब, खरे डोळ्यांचे, पण इथे जिभेखाली सोडायचे. पाच मिलिग्रॅम मॉर्फिन म्हणजे पाव मिलिलिटर. बिनसुईच्या सिरिंजवर ती रेघ इतकी बारीक असते की रात्री अडीच वाजता चष्मा लावूनही दोनदा बघावी लागते. औषध गालाच्या आत सोडलं आणि वीस मिनिटांनी श्वासात मोठे मोठे खंड पडू लागले, की मुलीच्या मनात एकच येतं, मी बाबांना जास्त तर दिलं नाही ना? पुढचा डोस द्यायला तिचा हात उचलत नाही. बाबा कण्हत राहतात.

शेजारी नर्स असेल तर ती पांघरूण वर करून पावलं बघते, गुडघ्यांवरचे जांभळे डाग बघते, दोन श्वासांतलं अंतर घड्याळावर मोजते. सांगते, हे औषधामुळे नाही, शेवट असाच येतो, पुढचा डोस वेळेवर द्या, मी इथे आहे. पंधरा मिनिटांचं काम. फोनवरच्या माणसाला पावलं दिसत नाहीत. तो कदाचित दुसऱ्या राज्यात बसलेला, कंत्राटी, पेशंटचं नाव नुकतंच स्क्रीनवर वाचलेला. त्याने कितीही आपुलकीने सांगितलं तरी ते उंटावरून शेळ्या हाकणं आहे. मुलगी शेवटी ९११ला फोन करते, ॲम्ब्युलन्स येते, आणि ज्या माणसाने घरीच जायचं म्हणून सही केली होती तो इमर्जन्सी रूमच्या दिव्याखाली जातो.

म्हणून माणसं किती, हा प्रश्न. आणि इथेच माझा संताप होतो. नर्सिंग होमला कोणती नर्स किती तास कामावर होती, हे दिवसागणिक, पगारपत्रकाच्या आधारे मेडिकेअरला कळवावं लागतं. एका रहिवाशामागे दिवसाला नर्सचे किती तास, शनिवार-रविवारी किती, वर्षभरात किती जणी सोडून गेल्या, हे सगळं तुलनेच्या पानावर दिसतं. हॉस्पिसच्या पानावर यातलं काहीही नाही. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट असावेत याची देशपातळीवर मर्यादा नाही, आणि प्रत्यक्षात किती आहेत ते सांगायचं बंधनही नाही. नियमात एक आकडा मात्र ठामपणे लिहिलेला आहे. पगारी माणसं पेशंटच्या सेवेत जेवढे तास देतात, त्याच्या किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांनी द्यायचे. बिनपगारी माणसांच्या तासांची अट घालणारं सरकार पगारी नर्सचे तास निवडीला बसलेल्या घरच्यांपुढे ठेवत नाही. बिलांतल्या मिनिटांवरून आपण माणसांचा अंदाज बांधायचा, एवढंच हातात उरतं.

बरं, वाईट आकड्यांची शिक्षा काय? आकडे पाठवलेच नाहीत तर मेडिकेअर त्या संस्थेच्या वार्षिक दरवाढीतून ४ टक्के-अंक कापतं. वाईट आकडे वेळेवर पाठवले तर एक सेंटही कापत नाही. केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१९मध्ये दाखवून दिलं होतं की २०१२ ते २०१६ या काळात तपासणी झालेल्या हॉस्पिसपैकी ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी किमान एक त्रुटी सापडली, आणि तीनशेहून जास्त संस्था अगदीच वाईट निघाल्या. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने कायदा करून सगळ्यात वाईट संस्थांवर खास देखरेख ठेवायला सांगितलं. पहिल्या ५० संस्था निवडून झाल्या. उद्योगाने सूत्रावर आक्षेप घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये मेडिकेअरने योजना थांबवली. सूत्रात खोट होतीच, प्रश्नावलीतून सुटलेल्या संस्था त्यातूनही सुटत होत्या. पण मग सूत्र दुरुस्त करायचं. त्या पन्नास ठिकाणी दाखल असलेल्या पेशंटना दुरुस्तीची वाट बघायला वेळ नव्हता.

तेव्हा फोन उचला आणि स्वतः विचारा. तुमच्या एका नर्सकडे आज किती पेशंट आहेत? बारा-तेरा म्हणाले तर पुढे बोला, वीस-बावीस म्हणाले तर दुसरा नंबर लावा. रात्री दोनला फोन केला तर उचलणारा तुमचा की कंत्राटदाराचा? घरी यायला किती वेळ? मागच्या रविवारी तुमच्या किती नर्सेस रस्त्यावर होत्या आणि किती मैलांच्या टापूत? गेल्या वर्षभरात किती सोडून गेल्या? वेदना घरी आवरल्या नाहीत तर तुमचा पलंग कोणत्या हॉस्पिटलात आहे? चांगली संस्था हे आकडे तोंडपाठ सांगते, निदान शोधून उलट फोन करते. ‘आमचा २४ तास सपोर्ट आहे’ एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा. २४ तास नर्स उपलब्ध असणं हा कायद्याचा नियम आहे, त्यात त्यांची फुशारकी कसली?

आकड्यांपुढे रिकामी जागा दिसली की लगेच काट मारू नका. एखाद्या खेड्यातली, चाळीस वर्षं प्रामाणिक काम करणारी, वर्षाला पन्नासही मृत्यू नसलेली संस्था असू शकते. सहा महिन्यांपूर्वी उघडलेलं दुकानही असू शकतं. मेडिकेअरची मान्यता कधी मिळाली ही तारीख पानावर असते, ती फरक सांगते. नफा की धर्मादाय, हेही तिथेच लिहिलेलं असतं. रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना २०२३मध्ये आढळलं की कुटुंबांच्या अनुभवांत नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था सरासरीने मागे पडतात. सरासरीनेच, त्यांच्यातही चांगल्या आहेत. आणि भेटी कमी दिसल्या म्हणजे दर वेळी संस्थेचाच दोष असतो असंही नाही, काही घरंच ‘आज नको’ म्हणतात. पण ‘आज नको’ म्हणणारी घरं एकाच संस्थेच्या वाट्याला इतकी का येतात, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आपल्याकडे देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६मध्ये वांद्र्याला निघालं, शांती अवेदना सदन, टाटा हॉस्पिटलचे कर्करोग-शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून आहे. ही कामं सेवेची आहेत. पण शहरांत घरी नर्स आणि ब्युरोची बाई पुरवण्याचा धंदा फोफावतो आहे, आणि त्यांची तुलना करायला घरच्यांच्या हाती सरकारचा एकही आकडा नाही. डोंबिवलीतल्या घरीही रविवारचा प्रश्न विचारता येतो. इथे तो पैसे देण्याआधी विचारायचा.

आणि अमेरिकेत ज्यांची निवड आधीच चुकली आहे, त्यांनी हे वाचावं. हॉस्पिस बदलता येतं. मेडिकेअर हॉस्पिसचा काळ आधी ९० दिवस, मग पुन्हा ९०, मग ६०-६० दिवसांचे टप्पे असा मोजतं. प्रत्येक टप्प्यात एकदा संस्था बदलायचा हक्क पेशंटला आहे. सहा महिन्यांचा दाखला नव्याने मिळवावा लागत नाही. कारण द्यावं लागत नाही. जुन्या संस्थेची परवानगी लागत नाही. नव्या संस्थेला फोन करायचा, बदलीची तारीख ठरवायची, एका कागदावर दोन्ही संस्थांची नावं आणि ती तारीख लिहून पेशंटने किंवा त्याच्या वतीने अधिकार असलेल्या नातेवाइकाने सही करायची, एकेक प्रत दोघींना द्यायची. जुन्यांचा पलंग आणि ऑक्सिजन नेण्याआधी नव्यांचा घरात आलाय, एवढं बघायचं. मॉर्फिनची बाटली किती उरली आहे तेही नव्या नर्सला फोनवरच सांगून ठेवायचं, म्हणजे पहिल्याच रात्री ती अपुरी पडणार नाही.